मदत हवी आहे: रोमहून एका दिवसात नेपल्सचं म्युझियम, आई आणि लेकीसोबत

नमस्कार मंडळी. आम्ही धाराशिवचे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आई, मी, बायको आणि नऊ वर्षांची लेक असे चौघं इटलीला चाललोय. तिकिटं झाली आहेत.

आपल्या तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. आई तेरचीच, लहानपणापासून ती मूर्ती बघत आलेली. तशाच घडणीची, जेमतेम वीतभर उंचीची एक मूर्ती 1938 साली नेपल्सजवळच्या पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराच्या उत्खननात निघाली. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली हे शहर गाडलं गेलं, त्याआधीच ती भारतातून तिथं पोचलेली होती! आता ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आईला ती डोळ्यांनी दाखवायची आहे. बाकी इटली राहिली तरी चालेल.

अडचण अशी की ती मूर्ती तिथल्या ‘गुप्त कक्षा’त ठेवलीय आणि त्या दालनात शृंगारिक चित्रं, शिल्पं बरीच आहेत. लहान मुलीला घेऊन कोणी गेलंय का? की आई आणि मी आत जावं, बायको-लेकीनं बाहेर मोझाइक बघत थांबावं?

दुसरं, आईचे गुडघे दुखतात. रोमहून वेगवान रेल्वेनं सव्वा तासात नेपल्स गाठता येतं, पण त्याच दिवशी पॉम्पेईचे दगडी रस्ते तिला झेपतील का? व्हीलचेअर मिळते का? मंगळवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून गुरुवार धरलाय.

ज्येष्ठांना घेऊन जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.