ट्रॉम्बोनचा भोंगा स्क्रूचा करायचा आहे, सल्ला हवा

बँडवाला_दर्यापूर
स्लाइडचा टेनर ट्रॉम्बोन आहे, भोंगा (पुढचं पसरट तोंड) 8 इंची, मेरठचा. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू झाल्या की सामान ॲपेत कोंबून गावोगाव जातं आणि पोचे भोंग्यालाच पडतात. भोंगा आट्यांवर काढता-घालता येईल असा करायचा आहे. कुठे कापायचा, रिंग कशा, सोल्डर कोणतं? अमरावती-अकोल्याकडे काम होईल का?

लेथ_हिंगणा
होते भाऊ. रिंग कोणताही चांगला टर्नर कातून देईल. फक्त आधी रिंग, मग करवत.

कापायची जागा व्यासावर ठरवा: बाहेरून 110 ते 120 मिमी भरतो तिथे. त्याच्या पुढे उतार इतका पसरतो की रिंग रुंद आणि जड करावी लागते. आडवा सांधा असेल तर त्याच्यापासून निदान 10 मिमी दूर राहा.

कापलेल्या दोन्ही तुकड्यांच्या तोंडाला एकेक रिंग सोल्डर करायची. एका रिंगला बाहेरून आटे, दुसरीला आतून. फ्री-कटिंग (लेथवर सहज कातलं जाणारं) पितळ घ्या, पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर 1 मिमी, चार-पाच आटे पुरे. दोन्ही मिळून वजन 100 ग्रॅमच्या आसपास ठेवा. जास्त झालं की नाद दबतो आणि हळू फुंकताना सूर उशिरा बोलतो. आतली बाजू भोंग्याच्या उताराप्रमाणेच कातलेली पाहिजे. कापाच्या मागचा आणि पुढचा उतार सारखा नसतो, म्हणून पुठ्ठ्याचे दोन वेगळे फर्मे कापून द्या. नुसता व्यास सांगितला तर रिंग एकाच कडेवर टेकते, खाली पोकळी राहते, सोल्डर भरत नाही आणि वाजवताना तिथूनच झणझण येते.

पितळकाम_भंडारा
एक गोष्ट राहिली, आणि काम तिथेच अडतं. पुढची रिंग कापलेल्या तोंडातून चढते, मागची चढत नाही, कारण ते तोंड रिंगच्या आतल्या व्यासापेक्षा मोठं असतं. ती शेपटीकडूनच, म्हणजे भोंग्याच्या अरुंद टोकाकडूनच ओवावी लागते. म्हणजे भोंगा आधी ब्रेस (आधाराची आडवी दांडी) आणि ट्यूनिंग स्लाइडच्या नळीपासून सोडवायचा, रिंग ओवायची, मग कापायचं.

रेघ मारायला भोंगा काचेवर पालथा ठेवा, ठोकळ्याला हव्या उंचीवर पेन्सिल आडवी बांधा आणि ठोकळा भोवती फिरवा. आत लाकडी गट्टू बसवून सोनाराच्या बारीक पात्याच्या करवतीने कापा. पत्रा जेमतेम अर्धा मिमीचा असतो. हॅकसॉ त्याला ओढते आणि कड वाकते.

चांदीची झाळ बिलकुल नको. ती 600 अंशांच्या वर वितळते, तेवढ्या तापाने पितळ मऊ पडतं आणि भोंगा हाताने दाबला तरी वाकतो. 60/40 कथील-शिशाचं सोल्डर 190 अंशांपर्यंत वितळतं, तेच घ्या. वार्निश दोन्हीकडे बोटभर खरवडा. आट्यांवर पाण्यात कालवलेली खडूची पूड लावून, वाळू देऊन, रिंग एकमेकींत फिरवा आणि मगच तापवा. पूड नसली की सोल्डर आट्यांत शिरतं, मग रिंग सुटत नाहीत. ज्योत रिंगवर, पत्र्यावर नाही. झिंक क्लोराइडचा फ्लक्स (सोल्डर धरायला लावतात तो) असेल तर शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर सांध्याला हिरवं चढतं.

बँडवाला_दर्यापूर
लय बारीक सांगितलं, आभार. रिमजवळ केसासारखी एक चीर आहे, चालेल? आट्यांना ग्रीस लावू का?

लेथ_हिंगणा
एकच चीर असेल तर आधी तिच्यावर आतून पातळ पितळी पट्टी सोल्डर करा. दोन-तीन निघाल्या तर पितळ ठिसूळ झालंय, त्या भोंग्यावर खर्च करू नका.

ग्रीस नको. काळ्या मातीची धूळ त्यात बसते आणि आटे घासले जातात. मेणाचा हात फिरवा, पुरे. लावताना आधी उलटं फिरवा, आटे टक करून बसले की सुलटं. हाताने आवळा, पान्हा लावू नका.

वऱ्हाडी_सूर
हे सगळं खरं, पण भाऊ, भोंगा काढला तरी मागची नळी जवळपास तेवढीच लांब ऱ्हायते. वाद्य ठेवायच्या पेटीची जाडी कमी होते, लांबी फारशी नाही. म्हणून पेटी पण बदलाच, आणि पुढचा भाग चादरीत गुंडाळून ताटलीसारखा आडवा ठेवा. दोन्ही भागांच्या उघड्या आट्यांना प्लास्टिकचं टोपण कातून घ्या. रिंग एकदा पडून लंबगोल झाली की भोंगा बसतच नाही.