बंदुकीच्या दस्त्यावरचा ऑइल पेंट कसा काढायचा?

वाळपईकर:
परवान्याची एकनळी १२ बोर आहे. दस्ता अक्रोडाचा, पण त्यावर कोणीतरी काळा ऑइल पेंट मारलाय, निदान दोन हात. मुठीकडच्या चेकरिंगच्या, म्हणजे पकडीसाठी कोरलेल्या जाळीच्या, खाचाही भरून गेल्यात. सुतार कॉस्टिक सोड्यात बुडवायला सांगतो. बुडवू का? आणि काम आत्ता पावसात काढू की थांबू?

पटाशी:
सोडा अजिबात नको. अक्रोडातलं टॅनिन त्याने काळं पडतं, लाकडाच्या रेषा फुगतात आणि आत मुरलेलं पाणी दस्त्याला पीळ घालतं.

आधी दस्ता सुटा करा. नळी आणि खटका घरी कुलपातच राहू द्या, सुताराकडे फक्त लाकूड जाऊ दे. बिनपरवाना माणसाच्या ताब्यात बंदूक देणं हा गुन्हा आहे.

मागची बट-प्लेटही (खांद्याला टेकते ती पट्टी) काढा, प्लास्टिकची असेल तर रिमूव्हरने विरघळू शकते. पेंट रिमूव्हर ब्रशने जाड थापा, वर प्लास्टिकचा कागद गुंडाळा, म्हणजे तो लगेच वाळत नाही. रंग सुरकुतला की प्लास्टिकच्या पट्टीने रेषेच्या दिशेने ओढा. लोखंडी पट्टी लाकडात रुतते. दोनतीनदा करावं लागेल. चेकरिंगमध्ये पितळी तारेचा बारीक ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरवा, तिथे पॉलिश पेपर लावलात तर टोकं कायमची जातील. शेवटी मिनरल टर्पेंटाइनने पुसा. हे सगळं उघड्या पडवीत, रबरी हातमोजे घालून. मेथिलीन क्लोराइड असलेल्या रिमूव्हरची वाफ बंद खोलीत जिवावर बेतू शकते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून हीट गन आणि कोरडी घासणी दोन्ही टाळा.

रंधा:
रंग पूर्ण निघाल्यावर लाकूड घासण्याबद्दल. बट-प्लेट परत बसवून, तिच्यावर टेप लावून मगच घासा, नाहीतर कडा गोल होतात. १८० नंबरपासून सुरू करा, मग २४०, ३२०, पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. लोखंड जिथे टेकतं त्या कडांना हात लावू नका. तिथे अर्धा मिलिमीटर गेला तरी धातू वर उठून दिसतो, आणि ते परत भरून येत नाही. खड्डे घासून काढण्यापेक्षा ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री टेकवा. दबलेले तंतू वर येतात, तुटलेले येत नाहीत. मग पूर्ण दस्ता ओल्या फडक्याने पुसा, वाळला की उठलेली लव ३२० ने उतरवा. स्टील वूल नको. त्याचे कण रेषांत अडकतात आणि आपल्या दमट हवेत गंजून काळे ठिपके पाडतात.

वाळपईकर:
रंग निघाला. पण खटक्यामागे लाकूड तेलकट काळं दिसतंय. आणि वरून फ्रेंच पॉलिश चालेल का?

पटाशी:
ते मुरलेलं बंदुकीचं तेल. चॉक पावडर अॅसिटोनमध्ये कालवून जाड लेप द्या, वाळला की झाडा. पावडर पिवळट निघायची थांबेपर्यंत परत परत. जवळपास दिवा, विडी काही नको.

फ्रेंच पॉलिश नको. ते चपडीचं, म्हणजे लाखेचं असतं, आणि चपडी ओलीने पांढरी पडते. डबल बॉइल्ड जवसाचं तेल घ्या. पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे हात चारपाच थेंब घेऊन तळहाताने गरम होईपर्यंत चोळून. दर वेळी उरलेलं पुसून टाका. जाड राहिलं की चिकट होतं.

रंधा:
इथे माझं मत वेगळं. आपल्या गोव्यातल्या सत्तरीच्या पावसात जवसाच्या तेलावर बुरशी धरते. दिसायला तेलच सुंदर, पण दरवर्षी हात द्यायची तयारी नसेल तर वाइप-ऑन (फडक्याने लावायचं) पॉलियुरेथेन वार्निश, मॅट, तीन पातळ हात. काहीही लावा, बट-प्लेटखालचं आडवं तोंड आणि आतली पोकळी आधी बंद करा. ओल तिथूनच शिरते.

पटाशी:
हे मान्य, म्हणूनच तेल लावायचं तर चतुर्थीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. पावसात एकेक हात वाळायला दोनतीन दिवस घेतो. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.