सेमिनरीची फी कोणी भरायची, विद्यार्थ्यानं की पाठवणाऱ्या मंडळीनं?

नगरकर
सर्वांना सलाम. गेल्या महिन्यात पुतण्याला बी.डी.च्या (ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीच्या) पहिल्या वर्षासाठी सेमिनरीत, म्हणजे पाळक (चर्चचे धर्मगुरू) घडवणाऱ्या विद्यालयात, सोडून आलो. नोंदणीच्या खिडकीपाशी तीन तास गेले. प्रवेश फी, सेनेटची नोंदणी, होस्टेलचं डिपॉझिट, मेसचा एक महिना आगाऊ, लायब्ररी, आणि सगळ्यात शेवटी 'कॅम्पस सेवा'. या शेवटच्या नावाखाली नेमकं काय येतं, ते खिडकीतल्या माणसालाही सांगता आलं नाही. आमच्या हातात मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांचं, शिफारसपत्र होतं. त्यावर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या सह्या होत्या आणि 'आमचा उमेदवार' असे शब्द होते. पैसे मात्र भावानं दोन शेळ्या आणि वहिनीच्या कानातलं विकून आणले होते.

पाळक मंडळीसाठी घडतो, तर त्याच्या शिक्षणाचा खर्च मंडळीनं उचलावा आणि पावतीही मंडळीच्या नावानं फाटावी, असं मला वाटतं. यात नवं काही नाही. अमेरिकन मिशनचे रूफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा आमच्या नगरलाही आले होते. मंडळ्या स्वावलंबी व्हाव्यात, आपल्या पाळकाला आपण पोसावं, यासाठी त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला. पोसणं पाळकपदाच्या दीक्षेच्या दिवसापासूनच का सुरू व्हावं? सेमिनरीतल्या पहिल्या दिवसापासून का नको? पुतण्या उद्या पाळक होऊन गावात जाईल तेव्हा कर्ज डोक्यावर घेऊनच जाईल. कर्जात असलेल्या पाळकाला पंचांसमोर खरं बोलणं किती जड जातं, हे आम्ही पाहिलं आहे.

खजिनदार, जालना जिल्हा
नगरकर, तुमच्या वहिनींच्या कानातल्याचं वाचून वाईट वाटलं. पण आमच्या मंडळीची वही एकदा बघा. साठेक घरं आहेत. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलूप लागतं, माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. तेवढे महिने रविवारच्या थैलीत नाणीच वाजतात. आत्ताच्या पाळकसाहेबांचा पगार दोन महिने थकला आहे. चर्चच्या छपराचे पत्रे गळतात. असं असताना चार-पाच वर्षं एका मुलाची फी भरायची कशी? तुम्ही म्हणता तसा नियम झाला, तर आमच्यासारख्या मंडळ्यांतून सेमिनरीत कुणी जाणारच नाही. शहरातल्या मंडळ्यांचीच मुलं जातील, आणि ती खेड्यात यायला तयार नसतात. ज्याला देवाची हाक आली आहे, त्यानं थोडा त्याग करावा. पौलानं राहुट्या शिवून पोट भरलं, कुणावर भार घातला नाही.

खिडकीच्या आतून
एका सेमिनरीच्या कार्यालयात मी अकरा वर्षं काम केलं, म्हणून दोन शब्द.

पदवी सेमिनरी देत नाही, सेरामपूर कॉलेजची सेनेट देते. (हे श्रीरामपूर बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे. दरवर्षी एखादा पालक गोंधळतो.) त्यामुळे नोंदणी आणि परीक्षेचे पैसे आम्ही फक्त गोळा करून पुढे पाठवतो. आमच्याकडे उरतात शिकवणी, होस्टेल आणि लायब्ररी. शिक्षकांच्या पगाराला सरकारी अनुदान नसतं. मेसचं म्हणाल तर तेल-डाळीचा भाव वाढला की पहिला चटका आम्हालाच बसतो, कारण वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम मध्येच वाढवता येत नाही.

फी वाढण्याचं एक मोठं कारण बाहेर फारसं बोललं जात नाही. पूर्वी परदेशातली एखादी मंडळी इथल्या चर्चच्या ट्रस्टला पैसे पाठवायची आणि ट्रस्ट त्यातून आमच्या विद्यार्थ्यांची फी भरायचा. २०२० साली परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेनं घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवायला बंदी आली. देणगीसाठी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच खातं हवं, हेही आलं. ज्या मुलांची फी वर्षानुवर्षं अशी ट्रस्टमार्फत येत होती, त्यांच्या नावापुढचा रकाना रिकामा राहिला. तो भरायचा कुणी? नगरकरांचं तत्त्व मला पटतं. पण रकाना तत्त्वानं भरत नाही.

'कॅम्पस सेवा' हे नाव मात्र चुकीचंच आहे. फोड करून छापायला हवी.

पाळकीणबाई
कॅम्पस सेवांवर घाईनं बोट ठेवू नका, एवढीच विनंती. आमचे साहेब बी.डी. करत होते तेव्हा दोन लेकरांना घेऊन आम्ही मॅरिड क्वार्टर्समध्ये राहिलो. एक खोली, एक ओटा, सामाईक नळ. आठवड्यातून दोनदा डॉक्टर यायचे ते याच सेवांच्या पैशातून. धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा रात्री अकराला कॅम्पसची गाडी निघाली. पाळकांच्या बायकांसाठी संध्याकाळचे वर्ग होते, तिथे मी पहिल्यांदा चारचौघांसमोर उभं राहून बोलायला शिकले. फी कमी करा म्हटलं की पहिली कात्री इथेच लागते, कारण लायब्ररी आणि शिकवणी तपासायला सेनेटची माणसं येतात, क्वार्टर्समधला नळ बघायला कुणी येत नाही. मंडळी पैसे भरणार असेल तर तिनं कुटुंबाचाही खर्च धरावा. मंडळी फक्त उमेदवाराचे भरते आणि बायको-मुलं 'तुमचं तुम्ही बघा' या खात्यात जातात.

वसईकर
आमच्या कॅथलिक धर्मप्रांतांत हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे. धर्मगुरू होऊ घातलेल्या मुलाचा खर्च मुख्यतः धर्मप्रांत उचलतो. स्थानिक धर्मगुरू घडावेत म्हणून फ्रान्समधल्या काँ शहरात एका आईनं आणि तिच्या लेकीनं १८८९ साली निधी सुरू केला, तो आज जगभरच्या सेमिनऱ्यांना मदत करतो. आमच्या गावात आजही कुणाच्या वाढदिवसाला सेमिनरीसाठी पाकीट देतात. विद्यार्थ्याच्या हाती बिल सहसा येतच नाही.

नगरकर
वसईकर, हेच तर म्हणतोय!

बी.डी. तिसरं वर्ष
मी स्वतः शिकते आहे. वसईकरांच्या व्यवस्थेत बायका नाहीत आणि कुटुंबंही नाहीत, म्हणून ती इथे जशीच्या तशी उचलता येणार नाही.

नगरकर काका, तुमच्या पुतण्याला पत्र तरी मिळालं. मला पंचकमिटीनं ते दिलं नाही. आमच्या मंडळीत स्त्रीला दीक्षा नाही, मग उमेदवार कशाची, असा प्रश्न मला विचारला. मी स्वतंत्र विद्यार्थिनी म्हणून आले. बी.ए.लाही मला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती नव्हती, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ख्रिस्ती झालेला माणूस बसत नाही. आजोबांना गावानं जी वागणूक दिली ती बाप्तिस्म्यानं बदलली नव्हती, कागद तेवढा बदलला. त्यामुळे तेव्हाही कर्ज, आताही कर्ज. सुट्टीत एका कोचिंग क्लासमध्ये शिकवते आणि सकाळी दोन तास लायब्ररीत पुस्तकं लावते, त्याचे फीतून वळते होतात.

तरीही फी माझी मी भरते याचा मला आधार वाटतो. माझ्या वर्गातल्या एकानं प्रबंधासाठी मंडळीतल्या जातीभेदाचा विषय घेतला. त्याच्या डायसिसमधून (धर्मप्रांतातून) फोन आला आणि त्यानं विषय बदलला. माझा विषय अजून तोच आहे. ज्याच्या नावानं पावती फाटते तो विषयही ठरवू लागतो. पावती मंडळीच्या नावानं फाटावी असा नियम केलात, तर माझ्यासारखीला दारच बंद.

खिडकीच्या आतून
ताई, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. प्रायोजकपत्र मागे घेतलं म्हणून दुसऱ्या वर्षात सामान बांधणारी मुलं पाहिली आहेत. कारण काहीही असे, गावातल्या दोन गटांचं भांडणसुद्धा.

नगरकर
दोन दिवस विचार केला. फोन आल्याची गोष्ट मनातून जात नाही.

सेरामपूरचा विषय निघाला म्हणून सांगतो. ते कॉलेज १८१८ साली कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या इंग्रज मिशनऱ्यांनी काढलं. या तिघांची मिळकत एकाच थैलीत पडायची. मार्शमन पतिपत्नींच्या शाळेचे पैसे, वॉर्डच्या छापखान्याचे, आणि कॅरीचा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातला पगार. कॅरी तिथे बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठी शिकवायचा, १८०५ साली त्यानं मराठीचं व्याकरण छापलं. म्हणजे ज्या सेनेटची नोंदणी फी भरायला मी खिडकीत उभा होतो, त्या कॉलेजाच्या पायात आपल्या भाषेच्या शिकवणीचा पैसा आहे. ती थैली सामाईक होती. कुणाच्या पैशातून कोण शिकला, हे कुणी धरून ठेवलं नाही.

तेव्हा माझ्या मागणीत दुरुस्ती करतो. मंडळीनं एकेका उमेदवाराच्या नावानं पैसे भरू नयेत. डायसिसनं एक थैली करावी, प्रत्येक मंडळीनं ऐपतीप्रमाणे तिच्यात टाकावं, आणि पैसे थेट सेमिनरीला जावेत. पत्र असो वा नसो, निवड परीक्षेत पास झालेल्या प्रत्येकाला त्यातून मिळावं. कोणाचे पैसे कोणाला गेले, हे डायसिसला कळूच नये. पाळकीणबाई म्हणतात तसं कुटुंबही त्यात धरावं. फी विद्यार्थ्यानंच भरावी हे मात्र मला अजूनही पटत नाही. ताई, तुमचं कर्ज ही तुमची मोकळीक आहे असं म्हणू नका. फेडायला लागाल तेव्हा ते तुम्हालाही फोन करेल.

बी.डी. तिसरं वर्ष
थैली डायसिसच्या हातात असेल तर मला भरवसा नाही. सेमिनरीच्या हातात असेल तर बोलू.

खजिनदार, जालना जिल्हा
थैलीला आमची ना नाही. पैसे नाही जमले तर धान्य देता येईल. उपकारस्तुतीच्या सणाला ज्वारी येते, तिचा लिलाव करतो, त्यातलं एक पोतं मेसला गेलं तर कुणी नाही म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जातंय. आमच्याकडेही एक मुलगी दोन वर्षं शिफारसपत्र मागते आहे. पैसे नाहीत, असं सांगून आम्ही तिला दोन्ही वेळा परत पाठवलं. ताईंचं वाचल्यावर वही पुन्हा उघडून बसलो. पत्र द्यायला पैसे लागत नव्हते. रविवारी उपासनेनंतर पंचांची बैठक आहे, तिचा अर्ज मी घेऊन जातो.