मुलाचा अमेरिकी पासपोर्ट संपत आला आहे आणि वडील संमती देत नाहीत

प्रश्न (गंगापूर रोड, नाशिक): माझा मुलगा अमेरिकेत जन्मला आणि तिथलाच नागरिक आहे. मी आणि मुलगा इथे व्हिसावर राहतो. तीन महिन्यांचा असताना पांढऱ्या चादरीवर झोपवून काढलेला फोटो असलेला त्याचा पासपोर्ट लवकरच संपेल. पती अमेरिकेत आहेत आणि सही देण्याचे टाळतात. मुलाचे इथले वास्तव्य बेकायदा ठरेल का, या विचाराने झोप लागत नाही.

उत्तर १: ताई, सोळा वर्षांखालील मुलाच्या अमेरिकी पासपोर्टसाठी दोन्ही पालकांची संमती लागते; जे प्रत्यक्ष येऊ शकत नाहीत ते डीएस-३०५३ या अर्जावर सही देतात. मात्र मुलाचा पूर्ण ताबा फक्त आपल्याकडे असल्याचा न्यायालयाचा आदेश जोडला, तर वडिलांच्या सहीवाचून अर्ज करता येतो. विशेष कौटुंबिक परिस्थितीसाठी डीएस-५५२५ हा वेगळा अर्ज आहे. व्हिसाची मुदत मात्र पासपोर्टपासून स्वतंत्रपणे तपासा आणि ती संपण्यापूर्वीच ई-एफआरआरओवर (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या ऑनलाइन सेवेवर) मुदतवाढ मागा, कारण उशीर झाल्यावर दंड आणि स्पष्टीकरण दोन्ही वाढतात.

उत्तर २: नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात पालक व पाल्य कायदा, १८९० खाली अर्ज करता येतो. नुसता ताबा मागू नका. पासपोर्ट व व्हिसासाठी एकट्या आईला सही करता येईल, असे वाक्य आदेशात स्पष्ट यावे, हे वकिलांना आवर्जून सांगा. माझ्या बहिणीच्या आदेशात ते नव्हते, म्हणून तिला पुन्हा न्यायालयात जावे लागले. पतींना पाठवलेल्या विनंतीच्या ईमेलच्या प्रती आजपासून जपून ठेवा.