'प्रादेशिक क्रीडावाहिनी' : प्रदेश नेमका कोणता?

दूरचित्रवाणीवरच्या खेळांच्या इतिहासाचा एक लेख सध्या मराठीत आणते आहे. त्यात अमेरिकेतल्या बोस्टनच्या 'न्यू इंग्लंड स्पोर्ट्स नेटवर्क'चा उल्लेख येतो. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं : "ही प्रादेशिक क्रीडावाहिनी १९८४ साली सुरू झाली." घरात दोघांना वाचून दाखवलं, तर दोघांनीही एकच विचारलं, "म्हणजे कुठल्या भाषेतली?"

भाषा इंग्रजीच. तिथली राष्ट्रीय वाहिनीही इंग्रजी आणि ही प्रादेशिक वाहिनीही इंग्रजी. फरक आहे तो भूभागाचा. बोस्टनचा बेसबॉल संघ रेड सॉक्स आणि आइस हॉकीचा संघ ब्रुइन्स यांचे सामने न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या, सहा राज्यांतल्या प्रेक्षकांना दाखवायचे, म्हणून ती निघाली. मालकीतही हे दोन संघ होते. शब्दाचा अर्थ चोख असूनही वाचक भलतीकडे जातो, तेव्हा चूक कोणाची म्हणायची? आणि याला दुसरा शब्द आहे का?

प्रतिसाद

वाचकाची चूक नाही. 'प्रादेशिक' म्हणजे प्रदेशाचा, प्रदेशासंबंधीचा, एवढाच मूळ अर्थ. भाषा त्यात कुठेच नाही. पण आपल्याकडे हा शब्द कानावर कसा पडत आला ते आठवा. आकाशवाणीच्या पुणे केंद्राचं सकाळी ७ वाजून ५ मिनिटांचं प्रादेशिक बातमीपत्र घ्या. त्यातल्या बातम्या महाराष्ट्राच्या आणि भाषा मराठी. १ मे १९६० ला भाषेच्या पायावर राज्य झालं आणि प्रदेश व भाषा यांच्या सीमा बऱ्याच अंशी एक झाल्या. मग एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदू लागले. ते वेगळे काढायची वेळच आली नाही.

ती वेळ खेळांच्या वाहिन्यांनी आणली, असं मला वाटतं. मे २०१७ मध्ये स्टार स्पोर्ट्सची तमिळ वाहिनी सुरू झाली, २०१८ मध्ये तेलुगू आणि कन्नड आल्या. या सगळ्यांना वर्तमानपत्रांनी 'प्रादेशिक वाहिन्या' म्हटलं. आता तमिळ वाहिनी चेन्नईत दिसते तशी मुंबईत माटुंग्यालाही दिसते. सामना बहुतेक वेळा तोच, चित्रही तेच, बदलतो तो आवाज. म्हणजे इथे 'प्रादेशिक'मधला प्रदेश गळून पडला आणि भाषा तेवढी उरली. अमेरिकेत नेमकं उलट. तिथे भाषा मुळात प्रश्नातच नाही, भूभाग हेच सर्वस्व.

वाहिन्यांची नावंच पाहा. आपल्याकडे स्टार स्पोर्ट्सपुढे तमिळ, तेलुगू, कन्नड. तिकडे काही वर्षांपूर्वीपर्यंत बॅली स्पोर्ट्स या प्रादेशिक वाहिन्यांच्या नावापुढे ओहायो, नॉर्थ, साउथवेस्ट. इकडे भाषांची नावं, तिकडे राज्यांची आणि दिशांची.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला एक भक्कम पुरावा जोडतो. अमेरिकेत बेसबॉलचे सामने देशभर पाहण्यासाठी लीगची स्वतःची सशुल्क सेवा आहे. पण तुम्ही ज्या संघाच्या प्रदेशात राहता, त्याच संघाचा सामना त्या सेवेवर साधारणपणे दिसत नाही. कारण त्या भागाचे प्रक्षेपणहक्क प्रादेशिक वाहिनीने विकत घेतलेले असतात. म्हणजे तिथला 'प्रदेश' नकाशावर आखलेला असतो आणि करारात लिहिलेला असतो. केबलच्या वर्गणीतून या हक्कांचा पैसा उभा राहायचा. लोक केबल सोडू लागले तसा तो आटला. बॅली नावाच्या या वाहिन्या चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स ग्रुपने मार्च २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

'विभागीय क्रीडावाहिनी' कसं वाटतं? खेळाच्या मराठीत 'विभाग' हा शब्द भूगोलासाठी आधीच रुळलेला आहे. क्रिकेटच्या दुलीप करंडकात पश्चिम विभाग, दक्षिण विभाग असे संघ १९६१-६२ पासून बहुतेक हंगामांत खेळत आले. 'पश्चिम विभाग' ऐकून कोणी भाषा विचारत नाही.

प्रतिसाद

'विभागीय' म्हटलं की मला आयुक्त कार्यालय दिसतं! पण खेळाच्या संदर्भात चालेल, कारण करंडकाचा आधार खरा आहे.

लेखनाबद्दल दोन गोष्टी, कारण या शब्दात चुका फार होतात. 'क्रीडा'मधला 'क्री' दीर्घ. 'क्रिडा' सर्रास दिसतं, ते चूक. आणि 'क्रीडावाहिनी' हा समास आहे, तो जोडून लिहावा.

'वाहिनी' शब्दावर माझं विशेष प्रेम आहे. धातू 'वह्', वाहणं किंवा वाहून नेणं. रक्तवाहिनी, जलवाहिनी, शववाहिनी यांत तोच आहे. महाभारतातल्या सैन्यरचनेत वाहिनी हे एक परिमाण आहे : ८१ रथ, ८१ हत्ती, २४३ घोडे आणि ४०५ पायदळ. 'चॅनेल'साठी ज्यांनी हा शब्द उचलला त्यांनी प्रवाहाचा अर्थ पुढे नेला आणि तो इतका सहज बसला की आता भाषांतर वाटतच नाही. मूळ नावात 'नेटवर्क' असलं म्हणून 'जाळे' लिहायच्या फंदात मात्र पडू नका. ती एक वाहिनी आहे.

प्रतिसाद

बदलतो तो आवाज, असं वर आलं आहे, म्हणून 'समालोचन'बद्दल लिहितो. हा शब्द आधी साहित्यातला, ग्रंथाचं परीक्षण या अर्थाचा. हिंदीत 'आलोचना' म्हणजे टीका. त्यामुळे खेळासाठी तो चुकीचा आहे, 'धावते वर्णन'च बरं, असं म्हणणारे भेटतात. पण शब्द उकलून पाहा. 'लोच्' म्हणजे पाहणं. 'लोचन' म्हणजे डोळा, तोही त्याच धातूचा. सम् + आ + लोचन, म्हणजे सगळीकडून नीट पाहणं. याहून नेमका शब्द कुठून आणणार?

माझ्या मते दोन्ही शब्द जपावेत आणि वेगळे ठेवावेत. रेडिओवर ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. चेंडू कुठे गेला, कोण धावलं, हे शब्दांनी उभं करावं लागतं. ते धावतं वर्णन. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांनी मराठीत क्रिकेटची ही वाट पाडली. दूरचित्रवाणीवर चौकार प्रेक्षकाने पाहिलेलाच असतो, तो पुन्हा सांगून काय उपयोग? क्षेत्ररक्षक दहा पावलं पुढे का उभा होता, हे सांगायला हवं. ते समालोचन.

कबड्डीत हे फार जवळून जाणवतं. चढाईपटूला मधल्या रेषेकडे परतताना सर्वांनीच पाहिलेलं असतं. पण समोर दोनच गडी उरलेत आणि ते टिपले तर लोण बसेल, त्याचे दोन जादा गुण मिळतील, हे बोलणाऱ्याने आधी सांगितलं तर पुढची ३० सेकंदांची चढाई वेगळीच दिसते. 'लोण'ऐवजी 'ऑल आउट' ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. शब्द आपल्या मातीतला, खेळही आपल्या मातीतला.

आणखी एक. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन होतं. केदार जाधव ते करत होता आणि हंगाम चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने डेव्हिड विलीच्या जागी त्याला खेळायला बोलावून घेतलं. तिथे मराठीसाठी वेगळी वाहिनी नव्हती, पडद्यावर भाषा निवडायची सोय होती. अशा ठिकाणी 'मराठी वाहिनी' न लिहिता 'मराठी समालोचन' एवढंच लिहावं.

प्रतिसाद

सर्वांचे आभार. 'प्रादेशिक' मी पूर्ण टाकत नाही, पण एकटं सोडतही नाही. जिथे भाषा हा फरक आहे तिथे सरळ 'तमिळ क्रीडावाहिनी', 'कन्नड क्रीडावाहिनी' लिहीन. जिथे भूभाग आहे तिथे तो भूभाग सांगेन, आणि पुढे पुन्हा उल्लेख आला की 'विभागीय'. वाक्य आता असं झालं आहे :

"न्यू इंग्लंडच्या सहा राज्यांपुरती असलेली ही विभागीय क्रीडावाहिनी १९८४ साली सुरू झाली."

मघाच्या दोघांना पुन्हा वाचून दाखवलं. या वेळी त्यांनी विचारलं, "सहा राज्यं कुठली?"