शब्दचर्चा: प्राचीन इस्राएलचा धर्म 'एकेश्वरवादी' म्हणावा का?

उंबरठा

एका मासिकासाठी प्राचीन पश्चिम आशियावर लेख लिहीत आहे. पहिल्याच परिच्छेदात लिहून गेलो, "इस्राएली लोक सुरुवातीपासून एकेश्वरवादी होते." खात्री करावी म्हणून जुना करार उघडला आणि तिथेच अडकलो.

दहा आज्ञांमधली पहिली आज्ञा 'दुसरे देव नाहीत' असं म्हणत नाही. 'माझ्यासमोर तुला दुसरे देव नसावेत' असं म्हणते (निर्गम २०:३). समुद्र ओलांडल्यावरच्या गीतात प्रश्न येतो, 'हे परमेश्वरा, देवांमध्ये तुझ्यासारखा कोण?' (निर्गम १५:११). ८२व्या स्तोत्रात तर देव देवांच्या सभेत उभा राहतो. तुम्ही गरिबांचा, अनाथांचा न्याय केला नाहीत म्हणून त्यांना जाब विचारतो आणि निकाल देतो: 'तुम्ही देव आहात, परात्पराचे पुत्र आहात, तरी माणसांसारखे मराल.' जे मुळात नाहीतच, त्यांना मरणाची शिक्षा कशी होईल?

मग 'एकेश्वरवाद' हा शब्द इथे चालेल का? दुसरे देव आहेत हे मान्य करून एकालाच भजणं, याला मराठीत नेमका शब्द कोणता?

शब्दमाग

'एकदेवोपासना' असा शब्द वाचल्याचं आठवतं. वादापेक्षा उपासनेवर भर आहे म्हणून तो बरा वाटतो. मॅक्स म्युलरने ऋग्वेदासाठी 'हेनोथिइझम' हा शब्द रूढ केला, तोही इथे लावता येईल का? ज्या सूक्तात अग्नी त्यात अग्नीच सर्वश्रेष्ठ, ज्यात वरुण त्यात वरुणच.

जुनीपानं

शब्दमाग, म्युलरचा शब्द इथे बसत नाही. ऋग्वेदातला ऋषी आज इंद्राला सर्वश्रेष्ठ म्हणतो, उद्या वरुणाला, आणि त्याबद्दल कोणीही रागावत नाही. इस्राएलमध्ये नेमकी हीच मोकळीक नाही. तिथे दुसऱ्याकडे वळणं हा गुन्हा आहे.

'एकेश्वरवाद' या शब्दाच्या आधी 'देव' या शब्दाकडे बघायला हवं, असं मला वाटतं. जुन्या करारात मराठीत जिथे 'देव' येतं तिथे मूळ हिब्रूत बहुधा 'एलोहीम' असतो. शब्द रूपाने अनेकवचनी. इस्राएलच्या देवासाठी आला की क्रियापद सहसा एकवचनी घेतो, आपल्या आदरार्थी अनेकवचनाच्या अगदी उलट. पण हाच शब्द शेजारच्या मवाब राज्याच्या कमोश देवासाठी येतो, सीदोनच्या अष्टोरेथ देवीसाठी येतो. एवढंच काय, एन-दोरची बाई शौल राजासाठी मेलेल्या शमुवेलाला वर बोलावते तेव्हा ती म्हणते, 'मला एलोहीम जमिनीतून वर येताना दिसतोय' (१ शमुवेल २८:१३). म्हणजे या शब्दाला 'ईश्वर'चं वजन नाही. माणसापलीकडच्या लोकातला जो कोणी, तो एलोहीम. 'ईश्वर' म्हटलं की सत्ता आली, सर्वांवरचा अधिकार आला, आणि मग 'अनेक ईश्वर' हे ऐकायलाच विचित्र वाटतं. 'अनेक एलोहीम' हिब्रू कानाला विचित्र वाटत नसावं.

आता जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकातला उतारा, ३२:८-९. परात्पराने राष्ट्रांना वतनं वाटून दिली, लोकांच्या सीमा ठरवल्या, त्या कशाच्या संख्येप्रमाणे? पारंपरिक हिब्रू पाठ म्हणतो 'इस्राएलच्या पुत्रांच्या'. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत याच पुस्तकाचा जो तुकडा मिळाला, त्यात 'बेने एलोहीम' आहे, म्हणजे 'देवांचे पुत्र'. जुन्या ग्रीक भाषांतरातही 'देवाचे दूत' किंवा 'देवाचे पुत्र' असेच पाठ मिळतात. पुढची ओळ अशी: 'परमेश्वराचा वाटा म्हणजे त्याची प्रजा, याकोब हे त्याच्या वाटणीचं वतन.' इथे हिब्रू शब्द 'हेलेक' आणि 'नहला' आहेत. वाटा आणि वतन. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रत्येक राष्ट्राचा एक देव, प्रत्येकाची वाटणी ठरलेली, असं चित्र जुन्या पाठात दिसतं. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात राष्ट्रं परंपरेने ७० मोजतात. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित इथे १९२९पासून उत्खनन झालं. तिथल्या मातीच्या पाट्यांवर अथिरत देवीचे पुत्रही ७० आहेत. मला हा योगायोग वाटत नाही.

हे वतनाचं चित्र डोक्यात ठेवलं की इतर जागा आपोआप उलगडतात. इस्राएली सरदार इफ्ताह शत्रूला म्हणतो, 'तुझा देव कमोश तुला जे देतो ते तू घेतोस ना? तसं आमचा देव आम्हाला देतो ते आम्ही घेऊ' (शास्ते ११:२४). अरामी सेनापती नामान बरा झाल्यावर दोन खेचरांवर मावेल एवढी माती मागून घेतो (२ राजे ५:१७). का? या देवाला भजायचं तर पायाखाली त्याच्या वतनातली माती हवी.

पानगळ

मातीवरून आठवलं, मवाबच्या बाजूचा पुरावाही आपल्याकडे आहे. मेशा राजाचा शिलालेख १८६८ साली जॉर्डनमधल्या धिबान इथे सापडला. तो इ.स.पू. नवव्या शतकातला. त्यात मेशा म्हणतो, इस्राएलने मवाबला इतकी वर्षं छळलं कारण कमोश आपल्या भूमीवर रागावला होता. मग कमोशाने त्याला सांगितलं, जा, नबो घे. नावं बदलली तर हा मजकूर बायबलमधल्या 'राजे' या पुस्तकात सहज खपेल. दोन्हीकडे देव रागावतो, शत्रूच्या हाती देतो, मग वाचवतो. भाषा एकच, देव वेगळे.

साष्टी

ग्रंथ बाजूला ठेवून लोक काय करत होते ते बघू. सिनायच्या वाळवंटात कुंतिलेत अज्रूद इथे १९७५-७६ साली खोदकाम झालं. साधारण इ.स.पू. ८००च्या मोठ्या रांजणांवर शाईने आशीर्वाद लिहिलेले मिळाले: 'शोमरोनच्या याहवेच्या आणि त्याच्या अशेरेच्या नावाने', 'तेमानच्या याहवेच्या आणि त्याच्या अशेरेच्या नावाने'. याहवे हे इस्राएलच्या देवाचं नाव, मराठी बायबलमध्ये त्या जागी 'परमेश्वर' येतं; शोमरोन आणि तेमान ही ठिकाणं. अशेरा म्हणजे उगारितची तीच अथिरत, तिथल्या एल देवाची पत्नी.

पण इथे व्याकरणाची एक गाठ आहे. हिब्रूत विशेषनामाला 'त्याचा-त्याची' असा प्रत्यय सहसा लागत नाही. त्यामुळे 'त्याची अशेरा' म्हणजे देवी नव्हे, देवीच्या नावाचा लाकडी खांब, असं बरेच अभ्यासक म्हणतात. मला ही हरकत मान्य आहे. तरीही कोणाच्या तरी नावाने वेदीशेजारी खांब उभा राहतो, आणि आशीर्वाद देताना त्याचंही नाव घेतलं जातं, हे उरतंच. योशीया राजाने इ.स.पू. ६२२च्या सुमाराला जी साफसफाई केली, तिच्यात यरुशलेमच्या मंदिरातूनच अशेरा बाहेर काढून किद्रोन ओढ्याकाठी जाळली. त्याच आवारात बायका अशेरेसाठी वस्त्रं विणत होत्या (२ राजे २३).

मला सर्वांत जिवंत वाटते ती यिर्मयातली ओळ: 'मुलं लाकडं गोळा करतात, बाप विस्तव पेटवतात, बायका कणीक मळतात', आकाशाच्या राणीला पोळ्या करायला (यिर्मया ७:१८). सगळं घर कामाला लागलंय. पुढे मिसरात पळून गेलेले लोक संदेष्ट्याला तोंडावर सांगतात, तिला अर्पणं देणं थांबवलं तेव्हापासून आमचे हाल सुरू झाले.

आणि मिसरातच, आस्वानजवळच्या एलिफंटाइन बेटावर, इ.स.पू. पाचव्या शतकात यहुदी शिपायांची वसाहत होती. त्यांचं स्वतःचं याहोचं, म्हणजे याहवेचंच, मंदिर होतं. ते इ.स.पू. ४१०मध्ये पाडलं गेलं. ४०७मध्ये त्यांनी यहुदाच्या सुभेदाराला ते पुन्हा बांधू द्या म्हणून अर्ज लिहिला, तो आजही वाचता येतो. त्याच वसाहतीतली वर्गणीची यादी मिळाली आहे. जमलेल्या चांदीत याहोसाठी १२ कर्श ६ शेकेल (ही चांदीची वजनं), आणि एशेम-बेथेल व अनात-बेथेल या दुसऱ्या दैवतांसाठी अनुक्रमे ७ आणि १२ कर्श. हे लोक स्वतःला यहुदीच म्हणवत होते.

आजोळ-नवगाव

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या यहुदी, घरातली आहे. आमच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, असं आम्ही पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. पोथ्या समुद्रात गेल्या. कोकणात तेलाचा धंदा केला, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणू लागले. बाकीचं बरंच विसरलं तरी 'शेमा' हा आमचा मुख्य प्रार्थनामंत्र विसरला नाही. जन्मात, लग्नात, मरणात, जिथे दुसरा मंत्र आठवत नव्हता तिथे शेमाच म्हटला जायचा. त्यामुळे वर्गणीची यादी दाखवून कोणी 'हे एकेश्वरवादी नव्हतेच' म्हटलं की मला लागतं, हे आधीच सांगते.

साष्टी, तुम्ही दाखवलेलं सगळं ग्रंथातही आहे, पण पाप म्हणून आहे. लोक चुकले यावरून धर्म काय सांगत होता हे ठरत नाही. आणि शेमा शब्दाने सांगतो: 'शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद' (अनुवाद ६:४). अदोनाय म्हणजे प्रभू, देवाच्या नावाऐवजी आम्ही हाच शब्द म्हणतो; एलोहेनू म्हणजे आपला देव; एहाद म्हणजे एक. याहून स्पष्ट काय हवं?

जुनीपानं

तुमचं लागणं मी समजू शकतो आणि तुमची अर्धी गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. लोकांच्या वागण्यावरून ग्रंथाचा अर्थ ठरवू नये. पण शेमाचा शब्दच बघू या, कारण तो दिसतो तेवढा सोपा नाही.

'ऐक इस्राएला' यानंतरच्या चार शब्दांत क्रियापद नाही. नाव, 'आपला देव', पुन्हा नाव, 'एक'. मराठीत आपल्याला लगेच निवड करावी लागते: 'एक आहे', 'एकच आहे', की 'एकटाच'? हा 'च' हिब्रूत नाही. तो घातला की अर्थ ठरून जातो. 'एक' एवढंच ठेवलं तर शोमरोनचा याहवे आणि तेमानचा याहवे हे दोन नाहीत, असाही अर्थ निघतो. जेजुरीचा खंडोबा आणि पालीचा खंडोबा एकच, असं म्हणावं तसा. आणि एक तिसरा अर्थ आहे, जो मला सर्वांत जवळचा वाटतो. गीतरत्नात प्रियकर म्हणतो, साठ राण्या आहेत, ऐंशी उपपत्नी आहेत, 'पण माझी पारवी एकच' (६:८-९). तिथे हाच शब्द स्त्रीलिंगी रूपात आहे. जगात दुसऱ्या स्त्रिया नाहीत असं तो म्हणत नाही. माझ्यासाठी हीच, असं म्हणतो. शेमाची लगेच पुढची ओळही प्रेमाचीच आहे: आपल्या देवावर संपूर्ण मनाने, जिवाने, बळाने प्रीती कर.

आजोळ-नवगाव

हे मी असं कधी पाहिलं नव्हतं. पण मग यशयाचं काय? 'मी परमेश्वर आहे, दुसरा कोणी नाही. माझ्याशिवाय देव नाही' (४५:५). इथे तर 'च'ची गरजच नाही.

पानगळ

इथे तुमची बाजू भक्कम आहे. यशयाचे हे अध्याय बाबिलोनच्या बंदिवासाच्या शेवटाकडचे आहेत. इ.स.पू. ५८६मध्ये मंदिर पडलं आणि ५३९मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबिलोन घेतलं, त्या दरम्यानचे. वतनाचं जुनं गणित तिथे कोसळतं. आपलं वतन गेलं म्हणजे आपला देव हरला, असं मानायचं नसेल, तर एकच वाट उरते: बाबिलोनही त्याचंच, कोरेशही त्याचाच. म्हणून सुतार एकाच लाकडाच्या अर्ध्यावर भाकरी भाजतो आणि उरलेल्याची मूर्ती करून तिच्या पाया पडतो, हे वर्णन इथे येतं.

प्रामाणिकपणे एक विरुद्ध पुरावाही सांगायला हवा. 'मीच आहे, माझ्याखेरीज कोणी नाही' हे शब्द यशयातच बाबिलोन नगरीच्या तोंडी आहेत (४७:८), सफन्यात निनवेच्या तोंडी आहेत (२:१५). दुसरी नगरं अस्तित्वात नाहीत असं त्या नगऱ्यांना म्हणायचं नव्हतं, बरोबरीची नाही एवढंच. तरीही यशयाचा एकूण सूर बघता मी इथे 'एकेश्वरवाद' हा शब्द वापरीन. त्याआधी नाही.

शब्दमाग

मग आधीच्या काळासाठी शब्द? महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगळे पदार्थ मानतात. देवता आहेत, फळं देतात, पण भजायचं परमेश्वरालाच. तत्त्वज्ञान अर्थात वेगळं आहे, तिथला प्रश्न मोक्षाचा आहे. पण 'देवता' हा शब्द एलोहीमांच्या सभेसाठी घेता येईल. ८२व्या स्तोत्रात 'देव देवतांच्या सभेत उभा राहतो' म्हटलं तर अर्थ चटकन कळतो.

आणि निष्ठेसाठी गीतेच्या तेराव्या अध्यायातलं 'भक्तिरव्यभिचारिणी'. अव्यभिचारी भक्ती.

जुनीपानं

शब्दमाग, हाच शब्द! संदेष्ट्यांची भाषा अगदी हीच आहे. दुसऱ्या देवामागे जाणं याला ते 'चुकीचं मत' म्हणत नाहीत, व्यभिचार म्हणतात. देव स्वतःला 'कन्ना' म्हणवतो (निर्गम ३४:१४). मराठी बायबलमध्ये 'ईर्ष्यावान' आहे, पण गणनाच्या पाचव्या अध्यायात बायकोबद्दल संशय आलेल्या नवऱ्याची जी भावना आहे तिचा धातू हाच. पहिल्या आज्ञेतलं 'अल पानाय', शब्दशः 'माझ्या तोंडासमोर', पुन्हा बघा. अनुवाद २१:१६मध्ये एका पुरुषाच्या दोन बायका आहेत, एक आवडती, एक नावडती. तिथे नावडतीच्या थोरल्या मुलाला डावलून आवडतीच्या मुलाला हक्क देऊ नये, असं सांगताना 'अल पने' हाच प्रयोग आहे. मला तरी पहिल्या आज्ञेत 'माझ्या उरावर दुसरा देव आणू नकोस' असं ऐकू येतं. सवत उरावर आणावी तसं.

आणि होशेयाची ती ओळ (२:१६): 'त्या दिवशी तू मला ईशी म्हणशील, यापुढे बाली म्हणणार नाहीस.' 'बाल' म्हणजे मालक, नवरा, आणि कनानी बाल देवाचं नावही तेच. गावाकडे बाई नवऱ्याला 'मालक' म्हणते, तसा तो शब्द. 'ईशी' म्हणजे माझा माणूस. मला मालक म्हणू नकोस, माझा माणूस म्हण. एका शब्दात परका देवही गेला आणि नात्याची जातही बदलली.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. 'एकेश्वरवाद'साठीचा 'मोनोथिइझम' हा शब्द इंग्रजीतही १६६०च्या सुमाराला हेन्री मोरने घडवला, हे मला आत्ता शोधताना कळलं. म्हणजे जुन्या करारावर तो नंतरच लावला गेला. माझं वाक्य असं बदलतो आहे:

'इस्राएलच्या धर्मात सुरुवातीला इतर देवतांचं अस्तित्व नाकारलेलं नव्हतं. आग्रह होता तो आपल्या देवाशी अव्यभिचारी निष्ठेचा. बंदिवासाच्या काळात या निष्ठेतून एकेश्वरवाद उभा राहिला.'

शेमाचं भाषांतर कसं करू?

आजोळ-नवगाव

वाक्य मला पटलं. 'निष्ठा' आधी आली हे विशेष.

शेमात नाव लिहू नका, त्या जागी अदोनाय ठेवा. आम्ही ते नाव उच्चारत नाही. आणि 'च' घालू नका. 'ऐक इस्राएला, अदोनाय आपला देव, अदोनाय एक.' आजी मराठीत सांगायची तेव्हा असंच सांगायची.