मदत हवी आहे: डिलिव्हरी रोबो पदपथाचा उतार अडवून उभा राहतो

पाणकणीस: मी रस्ता ओलांडून येते तेव्हा समोरच्या पदपथाच्या उतारावर डिलिव्हरी रोबो (सामान घरपोच नेणारे चाकांचे स्वयंचलित यंत्र) उभा असतो आणि मला रस्त्यातच थांबावे लागते. काल सिग्नल बदलून गाड्या सुटल्या, तरी तो जागचा हलला नाही. कंपनीला दोनदा लिहिले, दोन्ही वेळा ‘ॲपमधील मदत विभाग पाहावा’ एवढेच उत्तर आले. त्याला बाजूला कसे करायचे, हे कृपया लवकर सांगा.

सांजवात: तुमची ऑर्डर कुठे पोहोचवायची होती? नकाशावरील खूण दाराजवळ सरकवून पाहा. झाकण उघडत नसेल, तर ॲप बंद करून पुन्हा सुरू करावे, मला त्याचा उपयोग झाला होता.

पाणकणीस: मी काहीही मागवलेले नाही. ते ॲपही माझ्याकडे नाही.

दिशादर्शक: मग उताराच्या शेजारून पदपथावर का चढत नाही? किंवा त्याला सरळ ढकलावे.

पाणकणीस: मी व्हीलचेअर वापरते, हे आधीच लिहायला हवे होते. पुढची लहान चाके कडेच्या दगडाला टेकली की खुर्ची तिथेच अडते आणि उतारावरून ढकलायला गेले, तर रोबोऐवजी मीच मागे जाते.

अबोली: अशीच तक्रार 2019 मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग विद्यापीठातील व्हीलचेअर वापरणाऱ्या एका विद्यार्थिनीने केली होती आणि तेव्हा तेथील चाचणी थांबवण्यात आली होती. तरीही त्याच राज्याने 2020 मध्ये कायदा करून अशा यंत्रांना पादचाऱ्यांचा दर्जा दिला आणि सुमारे 250 किलो वजनाच्या यंत्रालाही पदपथावर परवानगी दिली. पादचाऱ्याला ‘जरा सरका’ म्हणता येते, रोबोला कसे म्हणायचे, याची सोय कंपनीनेच करायला हवी. माझ्या मते त्याने मोठा बीप आवाज करत राहावे. मी दृष्टिहीन आहे आणि पांढरी काठी आपटेपर्यंत तो समोर असल्याचे मला कळत नाही.

दिशादर्शक: सतत आवाज करणारी यंत्रे ज्यांना आवाजाचा त्रास होतो, त्यांना नकोशी होतील. शिवाय आवाजाने उतार मोकळा होणार नाही.

अबोली: सतत नको, माणूस जवळ आल्यावर पुरे. पण आवाजच नको, हे मला मान्य नाही.

मैलखूण: दोन्ही मागण्या रास्त आहेत, मात्र येथे प्रश्न थांबण्याच्या जागेचा आहे. रस्ता मोकळा होण्याची वाट रोबोने कुठे पाहावी, हे त्याच्या नकाशात बदलता येते, त्यामुळे उतार आणि त्यापुढील वळण्याची जागा ‘थांबू नये’ अशी नोंदवून घ्यावी. अडलेल्या रोबोला दूरवरून हलवणारे कर्मचारीही बहुधा असतात. यंत्रावरचा क्रमांक, चौक, वेळ आणि छायाचित्र कंपनीला व पालिकेला एकाच पत्रात पाठवा. तो क्रमांक तुम्ही टिपला आहे का?

पाणकणीस: नाही, पाठीमागे काहीतरी छापलेले आहे, पण माझ्याकडे नेहमी त्याचे तोंड असते. उद्या सोबत बहिणीला नेते आणि क्रमांक मिळाला की येथेच लिहिते.